दिगूमामांचं पोतं

आमच्या कुरुंद्यात दिगूमामा रोज सकाळी पाठीवर हळदीचं अर्धं पोतं घेऊन वसमतच्या रस्त्याने पळायचे. एवढ्यावर भागलं असतं तर गावाने सोडून दिलं असतं. पण मामा त्या पोत्याशी बोलायचे. चढ लागला की मान मागे वळवून विचारायचे, “बरी हाईस ना? तकलीफ न्हाई ना?” पोतं काही बोलायचं नाही, आणि मामा समाधानाने पुढे पळायचे.

परतताना ते माझ्या ओट्यावर थांबत. लोक पोतं आदळतात, हे टेकवायचे. ऊन आलं असेल तर त्याच्या तोंडावर उपरणं टाकायचे आणि मग स्वतः पाणी प्यायचे.

हळद घामाने भिजून बनियनची पाठ पिवळीधमक झालेली असायची. पन्नाशी उलटली तरी मामांचं लग्न झालेलं नव्हतं. पारावरच्या मंडळींना आणखी काय पाहिजे?

“मामा, हळद तर लागली, अक्षता कवा?”

“मुहूर्त निघाला की सांगतो बराबर,” मामा पळता पळताच म्हणायचे.

पोतं माझं होतं, म्हणून मला जरा जास्त बोलायचा हक्क होता. पळायला माझीच हळद कशाला, गहू घ्या की, असं मी एकदा म्हणालो. मामांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. “गव्हाचं जड पडतं, कापसाचं हलकं. ज्योतीच्या वजनाला हेच बराबर.”

ज्योती ही त्यांच्या बहिणीची मुलगी. पोलिओने तिचे पाय लहानपणीच गेले. आईबाप ऊसतोडीला जायचे, म्हणून ती मामांकडेच वाढली. पहिलीपासून दहावीपर्यंत मामांनी तिला पाठीवर बसवून शाळेत नेलं आणि आणलं. सुगी असो, हळद शिजत असो, शाळा सुटायच्या आत मामा दाराशी हजर. मग ती कॉलेजसाठी नांदेडच्या वसतिगृहात गेली. तिथे अपंगांच्या तीनचाकी सायकलींना पैसे जमवायला मॅरेथॉन ठरली. ही बातमी ज्योतीनेच सहज सांगितली आणि मामांनी मनाशी पक्कं केलं की भाचीला पाठीवर घेऊन आपण पळायचं. सगळ्या गावाला त्यांनी ते सांगितलं.

संक्रांतीला ज्योती आली. आता ती कुबड्यांवर चालत होती. हळूहळू, पण स्वतःच्या स्वतः. माझ्या ओट्यावर बसली होती, तेवढ्यात मामा पळत आले, पोतं तिच्या शेजारी टेकवलं आणि धापा टाकत म्हणाले, “सराव झाला. आता पोतं बंद. नांदेडात तू.”

ज्योती एकदा पोत्याकडे पाहून हसली. मग तिचं हसू मावळलं.

“मामा, मी पोतं हाय व्हय?”

“तसं न्हाई गं लेकरा.”

“पोत्याला रोज इचारून राहिला, तकलीफ हाय का म्हणून. मला एकदा तरी इचारलं का, पाठीवर बसतीस का म्हणून? तिथं मी माझी माझी चालते, मामा. समद्या पोरींसमोर मला उचलून नेणार?”

मामा पाणीसुद्धा न पिता उठले. ते निघाले तशी ज्योती मागून म्हणाली, “तू पळ. मी शेवटाला उभी ऱ्हाते.”

दुसऱ्या दिवशी मामांनी पोतं परत आणून दिलं. मी पोत्याचं तोंड सोडून आत पाहिलं. इतके दिवस पाठीवर घासून हळकुंडं चकाकत होती, पॉलिश करायच्या ड्रमात घालायची गरजच उरली नव्हती. मी तसं म्हणालो. एरवी मामांनी माझ्याकडून मजुरी मागितली असती. त्या दिवशी नुसती मान हलवली. मला फार वाईट वाटलं.

मॅरेथॉनला मी त्यांच्यासोबत नांदेडला गेलो. मामा पळाले खरे, पण वाकून, दोन्ही हात मागे बांधून. पाठीला सवय झाली होती, ती सुटेना. तरणी पोरं केव्हाच पोचली, बक्षिसं वाटून झाली, मांडववाले दोऱ्या सोडायला लागले. तरी ज्योती कुबड्यांवर रस्त्याकडे बघत उभी. बस म्हटलं तर बसेना.

शेवटी मामा आले. ती दोन पावलं पुढे गेली आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “मामा, बरा हाईस ना? तकलीफ न्हाई ना?”

मामा तिथंच रस्त्यावर बसले. उपरणं तोंडाला लावलं.

“हाय गं. लई तकलीफ हाय. तू गेल्यापासून घर खाया उठतं.”

ज्योतीने कुबड्या बाजूला ठेवल्या आणि त्यांच्या शेजारी धुळीतच बसली.

“मग आधी काहून न्हाई सांगितलं?”

“इचारलं कुणी?” मामा म्हणाले.