सतरा नंबरचं रक्त

सतरा नंबरनं अख्ख्या आलेखाची वाट लावली होती. धमन्यांच्या अस्तराला सूज आणणारं एक प्रथिन विभागप्रमुखांनी शोधलं होतं. म्हणजे शोधलं संशोधिकेनं, चार वर्षं राबून, आणि भाषणं देत होते विभागप्रमुख. हृदयरोग्यांच्या रक्तात ते भरपूर, निरोगी माणसांच्या रक्तात नावापुरतं, असा साधा हिशेब. पण निरोगी गटातला सतरा नंबर रोग्यांच्याही डोक्यावर जाऊन बसला होता.

“नमुन्यांची अदलाबदल केलीस तू,” विभागप्रमुख कडाडले.

“नाही सर. तीनदा तपासलं.”

“मग यंत्र बिघडलंय.”

यंत्रवाला आला, यंत्र ठणठणीत असल्याचं लिहून देऊन गेला. मग विभागप्रमुखांनी रसायनं बदलायला लावली. सतरा नंबर आणखीच वर चढला. शेवटी त्यांनी विभागाची बैठक बोलावली आणि अर्धा तास तोंडसुख घेतलं.

“या माणसाची जागा अतिदक्षता विभागात आहे! कुठल्या गाढवानं याला निरोगी ठरवलं? फोड ते नावांचं पाकीट!”

संशोधिकेनं कुठला नंबर कुणाचा हे लिहिलेलं बंद पाकीट फोडलं. यादीवरून फिरणारं तिचं बोट सतरावर अडकलं.

“वाच की! दातखीळ बसली?”

“सर... तुम्ही.”

“मी ठरवलं निरोगी?”

“ठरवलंतही तुम्हीच, आणि रक्तही तुमचंच.”

कुणीतरी हसू गिळताना खोकलं. विभागप्रमुखांनी चष्मा पुसला, पुन्हा चढवला. “म्हणजे हे प्रथिन हृदयाचं रक्षण करतं तर! आपला निष्कर्षच उलटा होता. शोधनिबंध बदलून आण.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. दोघांनी तर वहीत लिहूनही घेतलं.

संशोधिकेच्या डोळ्यांसमोर चार वर्षं पाण्यात चालली होती. पण त्याहून तो आकडा भिववत होता. तिनं बाहेर येऊन सरांच्या बायकोला फोन लावला.

“मॅडम, सरांना धाप लागते का हो?”

“जिना चढताना लागते. विचारलं की म्हणतात, जिनाच चुकीचा बांधलाय.”

दुसऱ्या दिवशी मॅडमनी त्यांना जवळजवळ ओढतच इस्पितळात नेलं. दोन धमन्या बंद पडायच्या बेतात होत्या. त्या उघड्या राहाव्यात म्हणून तातडीनं आत दोन जाळ्या बसवल्या.

चौथ्या दिवशी संशोधिका भेटायला गेली. आता तरी हा माणूस एक बरा शब्द बोलेल, असं तिला वाटलं होतं.

“बघ,” उशीला टेकून विभागप्रमुख म्हणाले, “शेवटी माझंच खरं ठरलं. ते प्रथिन वाईटच! माझ्या धमन्यांची चित्रं घे आणि निबंधात टाक.”

“तुमची लेखी संमती लागेल, सर.”

“आण इकडे.”

त्यांनी कागद हातात घेतला, ‘रुग्ण’ हा शब्द खोडला, त्यावर ‘मुख्य संशोधक’ असं लिहिलं आणि झोकात सही ठोकली.