कारखानीस काकांच्या दोन खुर्च्या

कारखानीस काकांना एखादी कल्पना सुचली की ते तिच्यावर रीतसर टिपणी लिहितात, उठतात, जेवणाच्या टेबलाला वळसा घालून समोरच्या खुर्चीत बसतात, टिपणी वाचतात आणि नामंजूर करतात.

बाल्कनीकडे तोंड असलेली खुर्ची लेखकाची. फ्रिजकडे तोंड असलेली प्रकाशकाची. काकांचं आयुष्य केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात फायली वर पाठवण्यात गेलं. निवृत्तीनंतर गाझियाबादला, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहून ते स्वतःच्या कादंबऱ्या स्वतःच छापू लागले, तेव्हा वर कोणी उरलं नव्हतं. म्हणून ते फाइल समोर पाठवू लागले.

काका कुठल्या खुर्चीत आहेत हे डोळे मिटूनही कळतं. लेखक असले की मी ‘अगं मेधा’ असते. प्रकाशक असले की ‘मॅडम’. लेखक भाबडा आहे, प्रकाशक खडूस आहे, आणि दोघांनाही दुसऱ्याची तक्रार माझ्याकडेच करायची असते.

एकदा लेखकाने नायकाला काश्मीरला नेलं. प्रकाशकाने शेरा मारला, ‘दौरा अनावश्यक. नायकाने नोएडातच प्रेमात पडावे.’ नायक काश्मीरला गेल्याने छपाईचा खर्च वाढत नाही, हे शेवटी सुधीरने समजावलं. सुधीर म्हणजे माझा नवरा. दर रविवारी तो चहाचा कप घेऊन त्या दोघांच्या मध्ये बसायचा आणि निवाडे द्यायचा.

करोल बागेत कलेक्टर व्हायला आलेली मराठी मुलं असतात, तिथेही काका पुस्तकांची पिशवी घेऊन उभे राहत. एका मुलाने विचारलं, “सर, हे प्रीलिम्सला येतं का?” काका म्हणाले, “मुलाखतीला येतं.” त्याने पुस्तक घेतलं. लगेच प्रकाशकाने पुढच्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर ‘मुलाखतीसाठी उपयुक्त’ असं छापायचं ठरवलं, आणि लेखक असा रुसला की आठवडाभर त्या घरात एक ओळ लिहिली गेली नाही. तेव्हाही सुधीरनेच मिटवलं.

फेब्रुवारीत सुधीर गेला. छातीत कळ आली तेव्हा मी दिल्लीत माझ्या लायब्ररीत होते. काकांनीच त्याला गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं. मी मेट्रो, मग ऑटो करून पोचले तेव्हा काका बाहेरच्या बाकावर बसलेले होते. त्यांना काही सांगावं लागलं नाही.

पुढे बरेच दिवस आम्ही एकमेकांना लिफ्टमध्येही टाळलं. मग एका सकाळी ते दारात उभे राहिले. “मॅडम, नव्या कादंबरीची प्रुफं तपासायची आहेत.” मी घेतली. चुका शोधताना दुसरं काही शोधावं लागत नाही.

पण या कादंबरीतला नायक दाढी करताना गुणगुणत होता. हिवाळ्यात गच्चीवर उन्हाला पाठ करून संत्री सोलत होता आणि साली खिशात ठेवत होता. मी ऱ्हस्व-दीर्घ सुधारत राहिले. काकांना काही विचारलं नाही.

पुस्तक गणपतीच्या आधी यायलाच हवं होतं. दिल्लीतली मराठी माणसं वर्षातून तेव्हाच एका मांडवात सापडतात, आणि काकांची निम्मी विक्री तिथेच होते. त्या दुपारी मी शेवटची प्रुफं द्यायला गेले, तेव्हा प्रेसवाल्याचा फोन चालू होता. “अंकल जी, आज शाम तक फाइल दे दो. कल से मशीन दिवाली के कैलेंडर पे लग जाएगी.”

मी म्हटलं, अकरानंतर एकदम तेरावं प्रकरण आहे. बारावं कुठे?

काका फ्रिजकडे तोंड करून बसले होते. “मॅडम, ते पृष्ठसंख्येत बसत नाही.”

मागच्याच आठवड्यात याच खुर्चीतून त्यांनी मला ऐकवलं होतं की बाराव्या प्रकरणावर अख्खं पुस्तक विकलं जाईल. मी तशी आठवण करून दिली. ते उठले, वळसा घालून लेखकाच्या खुर्चीत बसले.

“अगं मेधा, ते जमलंच नाहीये.”

“आयुष्यात इतकं चांगलं लिहिलं नव्हतं, असं म्हणाला होतात.”

फोन पुन्हा वाजला. काका उठले, पुन्हा वळसा घ्यायला निघाले आणि टेबलाच्या कडेला हात टेकून मध्येच थांबले. त्यांना असं उभं मी पहिल्यांदाच पाहत होते.

“त्या दोघांची काही हरकत नाही,” ते म्हणाले. “हरकत माझी आहे. प्रकरण बदलून लिहायला वेळ लागेल. पुस्तक काय, पुढच्या गणपतीला निघेल.”

मी हात पुढे केला. बराच वेळ तो तसाच राहू दिला. शेवटी त्यांनी आतून पानं आणून दिली आणि खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

नायक हॉस्पिटलात होता. बायको ऑफिसात होती. फोन आल्यावर ती निघाली, फलाटावर उतरताच मेट्रो आली, वैशाली स्टेशनच्या जिन्याखालीच ऑटो मिळाली, आणि ती पोचली. वेळेवर पोचली. त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि मग काय झालं ते काकांनी एकाच ओळीत लिहिलं होतं.

“खोटं आहे ते,” काका खिडकीकडे बघतच म्हणाले. “तिथे मी एकटाच होतो गं. सारखा दाराकडे बघत होतो. म्हणून तसं लिहिलं गेलं.”

फोन वाजत होता. मी पानं सारखी केली. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि मला प्रुफं तपासणाऱ्या बाईचंच बोलणं येत होतं.

“काका, वैशाली स्टेशनला ऑटो इतक्या लवकर मिळत नाही.”

ते वळले. “मग काय करू?”

“राहू द्या,” मी म्हटलं. “मिळू दे तिला.”

काकांनी फोन उचलला. “हाँ, भेज रहा हूँ. छाप दो,” एवढंच म्हणाले. पलीकडून फोन बंद झाला तरी ते तो तसाच कानाला धरून उभे होते.