मसुराएवढं सोनं

ट्राममधला कंडक्टर जी मोड परत द्यायचा, ती मालूताई कधी सरळ पर्समध्ये टाकत नसत. चष्म्याची पत्र्याची डबी मांडीवर पालथी ठेवायची, तिच्यावर एकेक नाणं टाकायचं आणि डोळे मिटून त्याचा आवाज ऐकायचा. पाच पैशांच्या ॲल्युमिनियमच्या नाण्याचा आवाज तो काय येणार? पण त्यालाही संधी मिळायची. आजूबाजूचे बाबू वर्तमानपत्रं खाली करून बघायचे. मी खिडकीबाहेर बघायची.

“कानाला सवय हवी,” त्या म्हणायच्या.

साठीचं दशक संपत आलं होतं. यांची बँकेतून पुण्याहून कलकत्त्याला बदली झाली आणि आम्हाला भवानीपूरला जागा मिळाली. मालूताई आमच्या खालीच एकट्या राहायच्या. जन्म कलकत्त्याचा, नोकरी मुलींच्या शाळेत, विषय भूगोल. मराठी स्वच्छ बोलायच्या, पण ती बंगालीत बुडवून काढलेली. चहा त्या ‘खायच्या’. आवडलेली प्रत्येक गोष्ट त्यांना ‘भीषण सुंदर’ वाटायची. माझं नवं पातळ बघून त्या नुसतंच “भीषण!” म्हणाल्या, तेव्हा मी गुपचूप वर जाऊन ते बदलून आले होते.

तिथल्या म्युझियममध्ये काचेमागची जुनी सोन्याची नाणी पाहिली आणि माझ्या मनानं घेतलं, असं एक तरी आपलं असावं. एका मोठ्या सराफाकडे गेले. त्यानं मखमलीवर एक झगझगीत गिनी ठेवली. किंमत ऐकून मी पाणी मागितलं आणि घरी आले.

मालूताईंना सांगितलं तर त्या गंभीर झाल्या. मखमलीवर ठेवलेलं नाणं घ्यायचंच नाही, मखमलीचेही पैसे आपल्याकडूनच जातात, हा त्यांचा पहिला धडा. माळेत ओवलेलं, कडी काढल्याची खूण राहिलेलं नाणं शोधावं, शौकीन लोक त्याला नाक मुरडतात, म्हणून ते स्वस्त पडतं, हा दुसरा. मला होन हवा होता. त्या म्हणाल्या, “होनाचं नाव काढू नकोस. होनाचं नातवंड बघू. त्याला फणम म्हणतात. दक्षिणेत चालायचं. मसुराएवढं असतं, पण सोनंच.”

मग शनिवारी शाळा सुटली की आम्ही ट्रामनं बहूबाजारला जायला लागलो. तिथं हाराधनबाबू म्हणून एक म्हातारे सोनार होते. गेल्या गेल्या नाण्यांबद्दल बोलायचं नाही, असा मालूताईंचा नियम. आधी बाबूंचे गुडघे, मग त्यांच्या सुनेचा स्वयंपाक, मग चहा ‘खाणं’. त्यानंतर बाबू कागदाची एखादी पुडी उघडायचे, आणि मालूताई आतलं नाणं नापास करायच्या. हे घासलेलं. हे नाणं नव्हे, बिल्ला. हे खरं आहे, पण आवाज रडका आहे. मी हिरमुसायची. मग येताना त्या मला कधी संदेश खाऊ घालायच्या, कधी गंगेच्या घाटावर नेऊन बसवायच्या.

पावसाळा गेला, दुर्गापूजा झाली. अखेर एका शनिवारी बाबूंनी पुडी उघडली आणि आत फणम होतं. इतकं चिमुकलं की मी श्वास रोखून धरला. मालूताईंनी ते डबीवर टाकलं, डोळे मिटले आणि नुसती मान डोलावली. माझ्या साठवलेल्या पैशात ते बसलं. सोन्यावर तेव्हा सरकारची नजर कडक होती, म्हणून त्यांनी रीतसर पावतीही करून घेतली.

परतताना ट्राममध्ये त्यांनी मोड सरळ पर्समध्ये टाकली. डबी पर्समधून निघालीच नाही. अर्ध्या वाटेत म्हणाल्या, “सुमन, ते फणम पहिल्या शनिवारीच त्यांच्याकडे होतं. मीच सांगितलं होतं, इतक्यात दाखवू नका म्हणून.”

मी का म्हणून विचारलं.

“तू लगेच घेतलं असतंस. मग शनिवारी कशाला आली असतीस?”

लहानपणापासून त्या वडिलांबरोबर तिथं जायच्या. वडील गेल्यावर एकट्या जाऊन पाहिलं, पण दुकानाच्या दारातूनच परत फिरल्या. हे सगळं त्यांनी समोरच्या बाकाकडे बघत सांगितलं.

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. हे सतत फिरतीवर असायचे आणि त्या अवाढव्य शहरात मला नावानं हाक मारणारं दुसरं कोणीच नव्हतं. ते नाणं पहिल्याच दिवशी मिळालं असतं, तर कलकत्ता मला घराच्या गॅलरीतून दिसलं तेवढंच कळलं असतं. मी त्यांना म्हटलं, एका नाण्याला कोणी संग्रह म्हणत नाही, आता दुसरं शोधायला हवं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, “दुसऱ्याला वेळ लागतो हं.”

आमची पुन्हा बदली होईपर्यंत आम्ही दर शनिवारी बहूबाजारला जात राहिलो. दुसरं नाणं मी कधी घेतलं नाही. मालूताईंनीही कधी विचारलं नाही.