तेवीस मिनिटांची दुसरी बाजू

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी मी एक अगदी लहानसा निर्णय घेतला. सासरे खोलीत आडवे झालेले असले तरी आपण आपली तबकडी लावायची. बस्स, एवढंच. पुढे जे झालं त्याला मीच जबाबदार आहे असं घरात सगळ्यांचं मत आहे. (माझं मत विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.)

मी राजदीप. जळगावात एका सरकारी कचेरीत आवक-जावक लिहितो. वय एकोणपन्नास, उंची बेताची, केस त्याहून बेताचे. माझ्यात जगावेगळं असं एकच आहे, ते म्हणजे मी प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकतो. अख्ख्या जिल्ह्यात ते ऐकणारा मी एकटाच असावा. वरणगावच्या फॅक्टरीत एक जण होता, पण त्याची जबलपूरला बदली झाली.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. (थोडक्यात सांगणं मला जमत नाही असं सविता म्हणते. सविता म्हणजे माझी बायको.) सत्तरच्या दशकात इंग्लंडातल्या काही लांब केसांच्या पोरांना वाटलं, की तीन मिनिटांत गाणं संपवणं हा ऐकणाऱ्याचा अपमान आहे. मग त्यांनी वीस-वीस मिनिटांची गाणी रचली. त्यात ऑर्गन असतो, बासरी असते, ढग वाजवल्यासारखा आवाज काढणारं मेलोट्रॉन नावाचं एक यंत्र असतं. आणि सात मात्रांचा असा ठेका असतो, की त्यावर नाचायला गेलं तर एक पाय शिल्लक राहतो.

अशा एकेचाळीस तबकड्या माझ्याकडे आहेत. त्यातल्या लाडकीच्या कव्हरवर हवेत तरंगणारा डोंगर आहे. त्यावरून धबधबा पडतो आणि खाली पोचतच नाही. तिच्या दुसऱ्या बाजूला एकच गाणं आहे. तेवीस मिनिटांचं, चार भागांचं.

ते ऐकायची माझी वेळ म्हणजे रविवारची दुपार. बाहेर पंचेचाळीस डिग्री, रस्त्यावर माणूस नाही. मी मागच्या खोलीत पडदे ओढतो, कूलर लावतो, वाळ्याचा ओला वास सुटतो. मग फरशीवर उताणा पडतो. पियानोचे थेंब पडायला लागतात, एक इथे, एक पार तिकडे. हळूहळू छत निळं होतं. मला तापी दिसते, पण वरती, आकाशातून वाहणारी. केळीच्या बागा उलट्या लटकलेल्या असतात आणि त्यांची पानं संथ हलत असतात. दुसऱ्या भागात धरणाचे दरवाजे उघडावेत तसा ऑर्गन सुटतो आणि मी वाहून जातो. चौथ्या भागात नुसती बासरी उरते. तेव्हा मी कारकून नसतो, जळगावात नसतो. मी नेमका कुठे असतो ते मला आजवर कुणाला सांगता आलेलं नाही, आणि सांगायला लागलो की लोकांना कामं आठवतात.

एवढ्या वर्षांत एकच माणूस माझ्यासोबत ती बाजू ऐकत आला आहे. ते म्हणजे नूर महंमद, माझा रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करणारे नूरभाई. तेही पट्टा नीट फिरतो का एवढंच पाहायला ऐकतात.

आता सासऱ्यांकडे येतो. मोतीलालनाना धुळ्याचे. एसटीत चौतीस वर्षं ड्रायव्हर होते. गेल्या भाद्रपदात माझ्या सासूबाई, द्रौपदाबाई गेल्या आणि त्या दिवसापासून नानांची झोपच उडाली. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, तळपायांना तेल चोळून झालं. माणूस आठ महिन्यांत निम्मा झाला. धुळ्याला गेलं की ते खाटेवर बसून भिंतीकडे बघत असायचे. "माले काय व्हयनं? बठ्ठं बरं शे," म्हणजे सगळं बरं आहे, असं म्हणायचे आणि पुन्हा भिंतीकडे बघायचे. सविता परत येताना बसमध्ये रडायची. शेवटी एप्रिलमध्ये ती त्यांना जळगावला घेऊनच आली आणि मला म्हणाली, "अहो, नाना मागच्या खोलीत राहतील. कूलर तिथेच आहे."

"पण माझ्या तबकड्या?"

"त्यांना उकडत असेल तर त्या माझ्याकडे स्वयंपाकघरात येऊ देत."

तबकड्या तिथेच राहिल्या आणि नाना आले. पहिला रविवार मी कसाबसा काढला. दुसऱ्या रविवारी तो लहानसा निर्णय घेतला.

नाना खाटेवर पडले होते, डोळे सताड उघडे. मी तबकडी काढली, फडक्याने पुसली. पण माणसाला अशा संगीतात एकदम ढकलून देणं मला बरं वाटेना. म्हणून आधी थोडी माहिती दिली. बँड कसा जमला, ऑर्गनवाल्याचं आणि ढोलवाल्याचं कशावरून बिनसलं, मेलोट्रॉनमध्ये आतून कशा फिती फिरतात, सात मात्रा कशा मोजायच्या. मग सुई टेकवली आणि फरशीवर पडून डोळे मिटले.

तेवीस मिनिटांनी डोळे उघडले तेव्हा नाना झोपलेले होते. साधेसुधे नाही, तोंड उघडं टाकून, एक हात खाटेखाली लोंबत, घोरत.

दारात सविता उभी होती. हातात पिठाचं ताट होतं. ते तिने तसंच जमिनीवर ठेवलं आणि पदर डोळ्यांना लावला. नाना सव्वासहाला उठले. आळस देऊन म्हणाले, "जवाईबापू, काय झोप लागनी हो!"

खरं सांगतो, आधी मला थोडा रागच आला. पंचवीस वर्षं जपलेलं संगीत, आणि हा माणूस त्यावर घोरतो! पण सविताने त्या संध्याकाळी मी न मागता शेवभाजी केली, आणि राग विरघळला. दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून म्हणाली, "अहो, नानांना ते लावा ना तुमचं." एकोणीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी प्रथमच ऐकत होतो.

मग मी रोज कचेरीतून जेवायला घरी येऊ लागलो. जेवलो की माहिती सांगायची, तबकडी लावायची, आणि परत कामावर जायचं. नाना रोज झोपायचे. पंधरा दिवसांत त्यांच्या गालांवर मांस आलं. मीही थोडा फुगलो. कचेरीत 'ध्वनिचिकित्सा' हा शब्द वापरू लागलो. साहेबांनी एकदा विचारलं, "म्हणजे काय?" मी सांगायला लागलो तर ते म्हणाले, "राहू द्या, मला मीटिंग आहे." (नव्हती.)

नानांनी तोवर धुळ्याला फोन लावले होते. त्यांच्या गाडीवर एकोणीस वर्षं कंडक्टर असलेले समाधानभाऊ, यांना रिटायर झाल्यापासून झोप नाही. शेजारच्या लताबाई, रिटायर मुख्याध्यापिका, त्यांना गुडघ्याच्या ऑपरेशनपासून झोप नाही. त्यांची बहीण पुष्पाबाई, तिला लताबाईंमुळे झोप नाही. मेच्या तिसऱ्या रविवारी ही मंडळी सकाळच्या एसटीने जळगावला आमच्याकडे आली.

मी रात्रभर तयारी केलेली. एकट्या नानांना दहा-पंधरा मिनिटांची माहिती पुरत होती, पण आता सभा होती. चौथ्या भागातल्या बासरीवर तर मी स्वतंत्र टिपण काढलं होतं. यंत्र ऐन वेळी दगा देऊ नये म्हणून नूरभाईंना बोलावून प्लेअरजवळ बसवलं. मंडळी जेवून गाद्यांवर आडवी झाली. जाड पडदे ओढले, प्लेअरवरचा दिवा तेवढा ठेवला, कूलर घोंघावू लागला. मी तरंगता डोंगर भिंतीला टेकवून ठेवला आणि बोलायला उभा राहिलो.

चाळीस मिनिटं बोललो. इतकं चांगलं मी आयुष्यात बोललो नाही. कुणी खोकलं नाही, कुणी उठून गेलं नाही, कुणाला काम आठवलं नाही. पंचवीस वर्षांनी मला माझी माणसं मिळाली होती, आणि तीही सासरची!

मी सुई टेकवली आणि डोळे मिटले. पियानोचे थेंब पडू लागले. तापी वर आली, केळीची पानं हलू लागली. पहिला भाग संपत आला, आता दरवाजे उघडणार, ऑर्गन सुटणार, आणि तेवढ्यात म्हशीने जांभई द्यावी तसा आवाज खोल खोल गेला आणि थांबला. कूलर थांबला. वीज गेली होती.

"नूरभाई!" मी अंधारात कुजबुजलो. "पट्टा?"

"पट्टा ठीक आहे. लाइट गेली."

मला तरी धीर निघेना. मी चाचपडत प्लेअरपाशी गेलो आणि हाताला लागेल ते बटण फिरवून पाहिलं. मग मंडळींना म्हणालो, "क्षमा करा हं. दोन मिनिटं शांत बसू या."

डोळे अंधाराला सरावले तेव्हा दिसलं, की चौघंही गाढ झोपलेली आहेत. कूलर बंद, घामाच्या धारा, आणि चौघं चार सुरांत घोरताहेत.

"पाहिलंत?" मी भारावून म्हणालो. "नुसता पहिला भाग! सहा मिनिटांत!"

नूरभाईंनी खिशातला रुमाल काढून मला घाम पुसायला दिला. भला माणूस. "राजदीपभाई," ते म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. ही मंडळी गाणं लागायच्या आधीच झोपली. मी बघत होतो ना. समाधानभाऊ मेलोट्रॉनच्या फितींपर्यंत टिकले. लताबाई तर तुम्ही 'इंग्लंड' म्हणालात तेव्हाच गेल्या."

"आणि नाना?"

"तुम्ही घसा साफ केलात तेव्हा."

मी यावर काही बोलणार, तोच वीज आली. अंधारात मी जे बटण फिरवलं होतं ते आवाजाचं होतं. तबकडी गुरगुरत उठली, वेग घेतला, आणि दुसरा भाग सुरू झाला. ऑर्गन, ढोल, गिटार, सगळं एकाच वेळी, शक्य तेवढ्या मोठ्याने.

समाधानभाऊ ताडकन उठून ओरडले, "धुळे! धुळे! चला, उतरा बठ्ठा!" पुष्पाबाई खरंच पिशवी घेऊन दाराकडे निघाल्या. लताबाई डोळे न उघडता कडाडल्या, "कोण आहे रे तो? उभा राहा!" मी उभा राहिलो. (उभाच होतो, पण आणखी उभा राहिलो.) सविता स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन धावत आली. नूरभाईंनी आवाज कमी केला तेव्हा कुठे खोलीत जीव आला.

"कसला गोंगाट होता हा?" लताबाईंनी विचारलं.

"गाणं," मी म्हणालो. "ज्यासाठी आपण आलात."

"हे? मोतीलालभाऊ, तुम्ही तर म्हणत होतात, जावई छान शांत काहीतरी ऐकवतो."

नाना खाटेवर बसून गोंधळून पाहत होते. "म्हणजे ते बोलनं गानं नव्हतं?" त्यांनी मलाच विचारलं. "माले वाटनं, तेच शे. इंग्लंडना पोऱ्या, फिती, सात मात्रा... त्यान्या पुढे बी काही ऱ्हातं, हाई माले माहीतच नही."

खोलीत कुणी हसलं नाही, कारण नाना खाली बघत होते. ते हळूच म्हणाले, "द्रौपदा अशीच बोलत ऱ्हाये. ड्युटीवरून आलो की पाय दाबता दाबता बोलायची. कोणाची म्हैस, कोणाचं लगीन. माले त्यातलं काही समजायचं नाही. पण कानाशी कोणी बोलतंय म्हटल्यावर झोप यायची. ती गेली आणि घर गप झालं."

सविता लाटणं हातात धरून तशीच खाली बसली. मलाही काही सुचेना. (नोंद घ्यावी: असं फार वेळा होत नाही.) कमी आवाजात तबकडी मात्र फिरतच होती. दुसरा भाग संपला, तिसरा सरला, आणि सगळी वाद्यं बाजूला होऊन एकटी बासरी उरली. मंडळींचं चहाबद्दल बोलणं सुरू झालं होतं. नाना तेवढे मान वाकडी करून ऐकत होते, चांगले जागे.

"हाई बरं शे," ते म्हणाले. "कन्नडचा घाट उतरून आलं ना जवाईबापू, की गाडी न्यूट्रलला टाकल्यासारखी आपोआप चालते. खाली सगळं सपाट, कापसाची शेतं, पहाटेचं धुकं. तसं वाटतंय."

इतक्या वर्षांत मला जे कुणाला सांगता आलं नव्हतं, ते माझ्या सासऱ्यांनी दोन वाक्यांत सांगून टाकलं. बासरी संपेपर्यंत आम्ही दोघं ऐकत बसलो. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत चांगली साडेचार मिनिटं. पाचवं मिनिट पुरं व्हायच्या आत लताबाई कामाचं बोलल्या.

"राजदीप, आम्हाला रोज जळगावला येणं जमायचं नाही. तुमचं ते बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवा. गाणं जोडू नका हं. जाग येते."

"तुमचा आवाजच तसा आहे," पुष्पाबाई मनापासून म्हणाल्या. "कशात काही चढउतार नाही."

मी आशेने सविताकडे पाहिलं. ती म्हणाली, "करा ना. लग्नानंतर मला एक दिवस तरी झोपेचा त्रास झालाय का?"

तर ते रेकॉर्डिंग झालं. चाळीस मिनिटांचं, एकाही सुराशिवाय. नाना आता धुळ्याला असतात. रोज जेवण झालं की मला कानाशी लावतात आणि झोपतात. समाधानभाऊंनी ते साक्री, शिरपूर, पार दोंडाईच्यापर्यंत पोचवलंय. परवा तिथून एका अनोळखी गृहस्थांचा फोन आला. त्यांनी तोंड भरून आभार मानले आणि विचारलं, "साहेब, शेवटी त्या ऑर्गनवाल्याचं आणि ढोलवाल्याचं मिटलं का हो? तिथवर आम्ही कुणी पोचत नाही."

आता हे एवढं जिल्हाभर पसरलंय म्हटल्यावर त्यात काही चूक राहू नये, म्हणून मी स्वतः ते नीट तपासून घ्यायचं ठरवलं. वही-पेन घेऊन आतापर्यंत तीनदा बसलो आहे. चौथ्या मिनिटानंतर मी काय बोललोय, ते मला अजून कळलेलं नाही.