सरासरी हजार तास

या मायबाप, असे जवळ सरकून बसा. एका ताईच्या मायेनं गणिताची कशी वाट लावली, ते सांगतो.

तिचा नवरा संख्याशास्त्राचा प्राध्यापक. धाकट्या भावाचं कोपऱ्यावर विजेच्या सामानाचं दुकान. तिथून आणलेला बल्ब आठवड्यात गेला. खोक्यावर तर छापलेलं, ‘सरासरी आयुष्य हजार तास.’

"तुमची कंपनी थापा मारते," प्राध्यापक भर दुकानात म्हणाले.

"एका बल्बवरून?" मेहुणा म्हणाला. "हेच शिकवता का भावजी पोरांना?"

गिऱ्हाइकं हसली. झालं, बोलणं बंद. नवरा भावाचं नाव काढू देईना आणि भाऊ घराची पायरी चढेना. ताईच्या घशाखाली घास उतरेना.

पण प्राध्यापकांच्या डोक्यात किडा वळवळत राहिला. मेहुण्यानं निवडून दिले असं व्हायला नको, म्हणून त्यांनी त्याच कंपनीचे बल्ब दुसऱ्या दुकानातून आणले, बैठकीत फळीवर ओळीनं बसवले आणि रात्रंदिवस चालू ठेवले.

"अहो, हे काय आरंभलंय?" ताईनं विचारलं.

"कंपनीचा दावा आधी खराच धरायचा. मग बघायचं, बल्ब इतक्या लवकर जातात का, की त्याला योगायोग म्हणताच येणार नाही."

"आणि गेले तर?"

"तर तुझा भाऊ खोटा. विषय संपला."

"आणि टिकले तर?"

"तर त्याच्याच दुकानात, चारचौघांत माफी मागेन."

प्राध्यापक कॉलेजात असताना पहिला बल्ब गेला. ताईनं त्याच्यापुढे डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. उघडून पाहिलं, तर तो विझलेलाच. देवानं आपल्याला दोन हात उगीच दिले नाहीत, हे ओळखून ती भावाच्या दुकानात गेली, तसाच बल्ब आणला आणि नवरा यायच्या आत बसवला. मग दुसरा गेला. मग तिसरा.

इकडे प्राध्यापक चक्रावले. सरासरी म्हटलं की काहींनी आधी जायचं, काहींनी मागं राहायचं. इथे सगळे एकदिलानं जळतायत! ते फळीसमोर खुर्ची टाकून बसू लागले. "असं होत नसतं गं," म्हणायचे, आणि पुन्हा बघत राहायचे. हजार तास उलटले, त्यावर आणखी पुष्कळ उलटले. शेवटी माणूस शब्दाचा पक्का. इस्त्रीचा शर्ट घालून ते निघाले.

जिन्यातच मेहुणा भेटला. दुकान बंद करून आला होता.

"तुझी माफी मागायला निघालो होतो," प्राध्यापक म्हणाले. "कंपनी खरं बोलते."

"कसलं खरं, भावजी? माफी मी मागतो. माल अगदी टाकाऊ आहे."

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? ताईच दर दोन-चार दिवसांनी नवा बल्ब नेते की."

दोघांनी हळूच वर पाहिलं. ताई दारात उभी होती.

"किती बदललेस?" प्राध्यापकांनी विचारलं.

"मोजायचं काम तुमचं," ती म्हणाली. "आत या दोघं. चहा निवतोय."

चहा संपेपर्यंत दोघांनी नवा प्रयोग ठरवला. या खेपेला दुकानाच्या माळ्यावर, कुलपात. ताईनं दोन किल्ल्या करायला सांगितल्या. "दोन कशाला?" भावानं विचारलं. "एक तुझी, एक ह्यांची. म्हणजे रोज भेटाल," ती म्हणाली. तिसरी तिनं नंतर करून घेतली.

तर मायबाप, कंपनी खरी की खोटी, हे काही अजून कळलेलं नाही. आज घरी जाऊन दिवा लावाल, तेव्हा त्या ताईची तेवढी आठवण काढा.