ओसाकाहून परतल्याचा दाखला

परदेशी जाणाऱ्या नागरिकाने परदेश आधी पाहिलेला असावा, हे तत्त्व आता सर्वमान्य झाले आहे. न पाहिलेल्या ठिकाणी माणूस गोंधळतो, आणि गोंधळलेल्या माणसामुळे देशाची शोभा होते. म्हणून पहिल्यांदाच बाहेर पडणाऱ्याने सहा दिवस 'प्रस्थान सज्जता केंद्रा'त जावे, डोळ्यांवर यंत्राचा चष्मा चढवावा आणि त्या देशात आभासी मुक्काम करावा, असा नियम झाला. आमच्या इलोइलो शहरात हे केंद्र मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर, दातांचा दवाखाना आणि चपलांचे दुकान यांच्या मधोमध आहे. मी बारांगायचा, म्हणजे आमच्या वॉर्डाचा सचिव. योजनेचा फलक मीच लावला होता, आणि तो सरळ लागला होता.

वॉर्डातून पहिला मान एपिफानिया गुमबान यांना मिळाला. वय एकसष्ट. सगळे त्यांना मानांग पानिंग म्हणतात; मानांग म्हणजे थोरली ताई. त्यांची मुलगी जोव्हेलिन ओसाकातल्या एका वृद्धाश्रमात काम करते. जुलैत तिला पहिले मूल होणार होते. नवरा जहाजावर, तो नोव्हेंबरपर्यंत किनाऱ्याला लागणार नव्हता. मानांगना बाळंतपणाला पोचायचे होते, एवढेच. वाटेत ओसाका दिसले नसते तरी त्यांची काही तक्रार नव्हती.

केंद्रात 'गाबाय' नावाची कृत्रिम बुद्धी प्रवाशाला वळण लावते. तिचा आवाज गोड आहे आणि ती गुण कापते. आभासी रेल्वेत मानांगनी शेजारच्या आभासी गृहस्थाला, "जेवलात का?" असे विचारले.

"अनोळखी व्यक्तीला जेवणाविषयी विचारले. दोन गुण वजा," गाबाय म्हणाली.

"मग बोलायचं काय त्यांच्याशी?"

"बोलायचं नाही."

"उतरेपर्यंत?"

"परत येईपर्यंत."

पाचव्या दिवसापर्यंत मानांग गप्प बसायला शिकल्या आणि त्यांना 'उत्तम' शेरा मिळाला. सहाव्या दिवशी परतीचा धडा होता. त्या आभासी विमानात बसल्या, पट्टा लावला, आणि वीज गेली. आमच्याकडे वीज जाते. त्यात नवल नाही. अख्खा मॉल अंधारला. मानांगनी चष्मा टेबलावर ठेवला, जीपनी, म्हणजे आमच्याकडची वडाप जीप, पकडून घरी आल्या आणि भात टाकला. दोन तासांनी वीज आल्यावर गाबायने त्यांना विमानात शोधले. त्या सापडल्या नाहीत, तेव्हा तिने नियमाप्रमाणे नोंद केली: प्रवासी ओसाकातच आहे.

हे मे महिन्यात विमानतळावर उघडकीला आले. मानांगच्या पिशवीत सुकी मासळी होती, आल्याची पूड होती, आणि बाळंतिणीला दूध यावे म्हणून शेवग्याचा वाळवलेला पाला होता. खिडकीतल्या अधिकाऱ्याने पडदा पाहिला.

"मॅम, तुम्ही ओसाकात आहात."

"अहो, तिथेच तर निघालेय."

"जो तिथे आहे, त्याला इथून तिथे जाता येत नाही."

"मग तुमच्यासमोर उभी आहे ती कोण?"

"ती चौकशी दुसऱ्या खिडकीवर."

दुसऱ्या खिडकीवर त्यांना सांगण्यात आले, की देशात नसलेल्या व्यक्तीचा अर्ज देशात स्वीकारता येत नाही. तेवढ्यात विमान गेले. परतीचा धडा पुरा करावा म्हणून त्या केंद्रात गेल्या, तर प्रवेश फक्त देशात हजर असलेल्यांनाच होता.

मग त्या माझ्याकडे आल्या.

"रोडेल, मी इथेच राहते, असं लिहून दे."

मी संगणकात पाहिले. "तुम्ही परदेशात दिसताय, मानांग."

"रविवारी तुझ्या आईच्या प्रार्थनेला भात कोणी शिजवला?"

"तुम्हीच. मोकळा झाला होता."

"मग?"

"मी तुम्हाला रोज बघतो हो. पण माझं बघणं संगणकात जात नाही."

मला वाईट वाटले. मी त्यांना बसायला खुर्ची दिली. जूनमध्ये आरोग्य केंद्राने त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या, कारण त्या गोळ्या रहिवाशांसाठी असतात. परदेशी असलेल्यांची यादी मी नियमाप्रमाणे कार्यालयाच्या भिंतीवर लावली. त्यात एकच नाव होते, त्यामुळे ते सगळ्यांनी वाचले.

कोपऱ्यावरची दुकानदारीण मेर्लिंदा त्यांना म्हणाली, "दोन महिने ओसाकात राहिलीस आणि हात हलवत आलीस? निदान एक चॉकलेट?"

"मी गेलेच नाही गं."

"खाऊ द्यायचा नसला की सगळे असंच म्हणतात."

मेर्लिंदा आधी थट्टेने बोलली. आठवड्याने खरोखरच रुसली. तिचे पाहून बाकीच्याही रुसल्या. पण या रुसव्यातूनच मला मार्ग सुचला. रहिवासी परतल्याची खात्री सचिवाला 'स्थानिक प्रथेनुसार' करता येते, असे एक कलम आहे. आणि आमची प्रथा जगजाहीर आहे: परदेशाहून आलेल्याने खाऊ वाटेपर्यंत तो आला असे कोणी मानत नाही.

"म्हणजे न गेलेल्या गावाहून मी खाऊ आणायचा?" मानांगनी विचारले.

"तुम्हाला जोव्हेलिनकडे जायचंय ना?"

त्याच मॉलच्या तळमजल्यावर जपानी बिस्किटे मिळतात. ती त्यांनी आणली आणि त्रेचाळीस घरांत वाटली. त्रेचाळीस घरांनी सह्या केल्या: 'एपिफानिया गुमबान ओसाकाहून परतल्या. खाऊ मिळाला.' पहिली सही माझी. बिस्किटे हिरव्या चहाची होती, जरा कडवट, पण खुसखुशीत. मेर्लिंदाने दोन पुडे घेतले आणि तिचा राग गेला.

त्या सह्यांवरून परतल्याचा दाखला संगणकात चढला. मानांग देशात आल्या. गोळ्याही सुरू झाल्या. दोन दिवस आम्ही सगळे खूश होतो आणि मानांगनी पिशवी पुन्हा भरली. तिसऱ्या दिवशी प्रस्थान कक्षाचे पत्र आले. आभासी मुक्कामाची परवानगी पंधरा दिवसांची. प्रत्यक्षात मुक्काम एकाहत्तर दिवसांचा. छप्पन्न दिवस बेकायदा वास्तव्य. पुरावा म्हणून त्रेचाळीस सह्यांची प्रत जोडली होती. पाच वर्षे परदेशगमनास मनाई. मी पत्र दोनदा वाचले. त्यात एकही चूक नव्हती.

त्या पत्राची पोच द्यायला मानांग माझ्या खिडकीशी आल्या, तेव्हाच त्यांचा फोन वाजला. जोव्हेलिन होती. दुखायला लागल्यावर ती एकटीच टॅक्सी करून इस्पितळात गेली होती. मुलगी झाली होती.

"नाय, तू कधी येतेस?" तिने विचारले. नाय म्हणजे आई. "मला हिला धरताच येत नाहीये गं."

"डोक्याखाली हात दे. अख्खा पंजा. हं, अशी. आता खांद्यावर घे आणि पाठीवरून हात फिरव, ढेकर येईल." मानांग बोलत होत्या आणि त्यांचा रिकामा हात हवेत वरखाली फिरत होता.

"तू असतीस तर," जोव्हेलिन म्हणाली आणि रडायला लागली.

मलाही गलबलून आले. पण खिडकीशी फोनवर बोलण्यास मनाई आहे, तसा फलक आहे, म्हणून मी मानांगना बाहेर जाऊन बोलण्याची नम्र विनंती केली. त्या गेल्या. पोचेवर सही राहून गेली, ती मी नंतर घरी जाऊन घेतली.

या प्रकरणात कोणाचाही दोष निघालेला नाही. इथवर वाचताना तुमच्याही मनात एकदा तरी आले असेल, की बाईंनी त्या दिवशी वीज येईपर्यंत थांबायला हवे होते. आले असेल, तर आमच्या कार्यालयात एक जागा भरायची आहे. तुम्हाला प्रशिक्षणाची गरज पडणार नाही.