पहिल्या विमानातली साडी

सुमंतनं लिहिलेला 'गगनराज एअर कार्गो'चा इतिहास चार वाजता छापखान्यात जायचा होता. नागपुरातून नुसत्या मालासाठी विमान उडवणारी ही पहिली कंपनी. दोनशे पानांपैकी साठ पानं संस्थापक मार्तंडरावांच्या बालपणाची. रामटेकच्या गडावरून त्यांनी सोडलेलं कागदी विमानही त्यात होतं. ते पुजाऱ्याच्या डोळ्यात गेल्याचं मात्र गाळलं होतं. मुखपृष्ठावर ठळक ओळ होती, 'पंचवीस वर्षांत एकही पार्सल हरवलं नाही.' पुस्तक नीट निघालं तर सुमंतची नोकरी पक्की होणार होती.

अकरा वाजता कंपनीच्या पंचविशीच्या प्रदर्शनासाठी गोदामातला जुना वजनकाटा हलवला आणि तो धाडकन कलंडला. त्याच्या तुटक्या पायाखाली टेकू म्हणून एक पार्सल सरकवलेलं होतं. वर पहिल्याच उड्डाणाची तारीख आणि इतवारीतल्या प्रेमलताबाईंचा पत्ता.

"हरवलं कुठी? जरा लेट झालं," मार्तंडराव म्हणाले. "जाऊन देऊन ये. पावतीवर तवाची तारीख टाकून सही आणजो. नाही आणली तं पुस्तकही नाही अन् तूही नाही."

पुण्याहून दोन तासांत उडत आलेल्या त्या पार्सलला इतवारीतल्या हातगाड्यांमधून शेवटची गल्ली ओलांडायला पाऊण तास लागला. प्रेमलताबाई सत्तरीच्या. पाठवणाऱ्याचं नाव त्यांनी दोनदा वाचलं.

"माह्या भावाचं हाय हे. मधूचं."

"हो आजी. आत नवरीची साडी हाय, असं लिहिलं हाय."

त्यांच्या लेकीच्या लग्नात मामाचा आहेर आलाच नव्हता. भाऊ काविळीनं पुण्यात पडून होता आणि फोनवर सांगत होता, साडी विमानानं पाठवली. सारा मांडव हसला. साडी कधी विमानात बसते का! तेव्हापासून बाईंनी भावाशी बोलणं सोडलं होतं.

"वापस घेऊन जा," त्या म्हणाल्या. "पंचवीस वर्षं त्याले खोटारडा म्हणून राहिली मी. आता घेतली तं मीच खोटी पडीन."

"पण न घेतलेलं पार्सल पाठवणाऱ्याकडे वापस जाते. नियम हाय."

"मधूकडे?"

"उद्याच्याच विमानानं."

बाईंनी पार्सल झटकन ओढून घेतलं. सुमंतनं पावती पुढे केली. "तारीख फक्त तवाची टाका."

"म्हणजे साडी तवाच भेटली अन् मी दाबून ठेवली? आजचीच टाकीन."

"आजी, माही नोकरी जाईन."

"अन् माही इज्जत?"

आजची तारीख पडली. मग त्यांनी पार्सल फोडलं. आत हिरवा शालू होता. घडीवरून त्या बराच वेळ हात फिरवत राहिल्या. मग फोन उचलला. नंबर पाठ होता.

"मधू, साडी भेटली." आता बाई माफी मागणार, असं सुमंतला वाटलं. "पण तुले अक्कल नव्हती का गा? विमानानं काहून धाडली? एसटीनं धाडली असती तं लग्नात नसती का पोचली?" एवढं बोलून त्या पदरात तोंड घालून रडल्या. थोड्या वेळानं नाक पुसून त्यांनी फोन सुमंतकडे दिला; मधूला त्याच्याशी बोलायचं होतं.

साडेतीन वाजता मार्तंडराव पावतीवरची तारीख पाहून लालबुंद झाले.

"साहेब, त्या बाईच्या भावाले दोनशे प्रती पाहिजेत," सुमंतनं घाईनं सांगितलं. "साडी खरंच विमानानं धाडली होती, हे छापून आलं पाहिजे म्हणतो तो. साऱ्या नातेवाइकांत वाटणार हाय."

पुस्तकाला अजून एकही मागणी आलेली नव्हती. मार्तंडराव हळूच खुर्चीत बसले.

"दोनशे घरी जाईन म्हणतो?"

"हो साहेब."

"मग घाल ती बाई. पण माह्या बालपणानंतर."